आतल्या माठाचं पाणी

माझा डावा पाय आपल्याकडच्या पुष्कळ लोकांनी पाहिला आहे. अब्रूदार घरच्या बाईने असं लिहू नये, हे मला कळतं. पण त्याला माझा इलाज नाही. आमच्या डॉक्टरांनी तो रंगवला, काचेच्या चौकटीत बसवला आणि एका दवाखान्याच्या पडवीत अशा जागी टांगला, की फोड-खरूज घेऊन जो कोणी तिथे जाईल त्याने आधी माझा पाय पाहावा आणि मग डॉक्टरचं तोंड. घोट्याच्या वर वीतभर आणि खाली बोटांपर्यंत. घोट्याच्या आतल्या अंगाला फोड, फोडाच्या मधोमध भोक आणि त्यातून बाहेर आलेला पांढरा नारू, अर्धा काडीला गुंडाळलेला. चित्र सुंदर आहे. उगाच खोटं कशाला बोलू? नख न् नख माझं आहे.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. उखाण्यात घेतलं तेवढं पुरे झालं. लोक डॉक्टर म्हणायचे, मीही मनात डॉक्टरच म्हणत आले, आणि इथेही तेच म्हणणार आहे.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ जळगावहून घरी आले. डॉक्टरांचं चरित्र लिहितो म्हणाले. "देवमाणूस हो, अशा माणसाच्या सहवासात राहिलात, तुम्ही धन्य." मी त्यांना चहा दिला, चिवडा दिला. काही आठवणी सांगा म्हणाले, तेव्हा म्हटलं, "वक्तशीर होते." त्यांनी ते लिहूनही घेतलं बिचाऱ्यांनी. ते गेल्यावर मात्र माझा जीव जळायला लागला. चार दिवस अन्न गोड लागेना, तेव्हा वही घेऊन बसले.

डॉक्टर मागल्या शतकातले. ते शिकले तेव्हा राणीचं राज्य होतं, आणि मुंबईच्या मेडिकल कॉलेजात खानदेशातून गेलेली पोरं बोटांवर मोजावीत इतकी. हात फार हलका. मोतीबिंदू काढावा तर त्यांनी, मुतखडा काढावा तर त्यांनी. शिरपूरकडून, साक्रीकडून, पार सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून लोक आंधळ्या म्हाताऱ्यांना बैलगाडीत घालून धुळ्याला आणायचे आणि आठ-दहा दिवसांनी ती म्हातारी माणसं वाटेवरची झाडं मोजत परत जायची. हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यात खोट काढणाऱ्याची जीभ झडेल.

पण माणूस बरा करून त्यांचं समाधान होत नसे. तो त्यांना कागदावर हवा असे. मोतीबिंदू काढायच्या आधी डोळा रंगवायचा, काढल्यावर पुन्हा रंगवायचा. मुंबईहून विलायती रंगांच्या वड्या यायच्या, त्या संपल्या की गेरू, नीळ, काजळ खलून चालवायचे. आणि त्याखेरीज प्रयोग. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर पितळी ताटात बेडकाच्या नुसत्या तंगड्या, तारेला लावलेल्या, आणि त्या झटके देत होत्या. सासूबाईंनी ते ताट उकिरड्यावर फेकलं आणि तीन दिवस तोंडाचा पट्टा चालू ठेवला. डॉक्टरांनी नवीन ताट आणलं आणि प्रयोग माडीवर नेला.

मी त्यांची दुसरेपणाची. पहिली बाळंतपणात गेली होती. माझं माहेर जामनेरजवळच्या खेड्यातलं, वडील शाळामास्तर. सोळा वर्षांची होऊनही लग्न ठरेना, म्हणजे त्या काळी घोडनवरीच. त्यात हे स्थळ आलं. नवरा चाळिशी उलटलेला, पण सरकारी डॉक्टर. वडील आईला म्हणाले, "डॉक्टरच्या घरी पडली तर पोरगी निदान आजाराने तरी हाल हाल होऊन मरायची नाही." बिचारे. त्यांना काय ठाऊक.

पहिल्या दोन वर्षांत डॉक्टर माझ्याशी जी वाक्यं बोलले ती सगळी मी एका बैठकीत म्हणून दाखवीन. दिवा इकडे सरकव. जेवायला वाढ. त्या बरणीला हात लावू नकोस. मारलं नाही हो कधी, टाकून बोललेही नाहीत. बघितलंच नाही. दवाखान्यातल्या भिकाऱ्याच्या डोळ्यात तासभर टक लावून बघणारा माणूस, घरात मी समोरून गेले तरी नजर माझ्यातून आरपार भिंतीवर. मी नवी लुगडी नेसून पाहिली, अंबाड्यात अबोली घालून पाहिली. एकदा मुद्दाम आमटी खारट केली. निमूट जेवले आणि उठले. माणसाने भांडावं तरी कोणाशी?

आता नारूचं सांगते, कारण हल्लीच्या पोरांना ते ठाऊक नसायचं. नारू म्हणजे हात-दीड हात लांबीचा, सुतळीपेक्षा बारीक असा किडा. तो माणसाच्या अंगात वर्षभर वाढतो आणि मग पायाला फोड आणून तिथून बाहेर डोकं काढतो. आग अशी होते की माणूस पाण्यात पाय घालून बसतो. पाण्यात पाय घातला की किडा बाहेर येतो. मग त्याचं टोक काडीला गुंडाळायचं, रोज बोटभर, हळूहळू, पंधरा दिवस, महिना. ओढला आणि तुटला तर आत सडतो आणि पाय घेऊन जातो. आमच्याकडे उन्हाळ्यात अर्धं अर्धं गाव काड्या बांधून ओसरीवर पडलेलं असायचं, आणि लोक म्हणायचे, देवीचा कोप.

डॉक्टरांनी हा कोप पाण्यात शोधला. बारवेचं पाणी काचेच्या भांड्यात घेऊन ते उन्हात धरायचे, आणि त्यात खसखशीएवढे पांढरे जीव उड्या मारताना दिसायचे. पाण्यातली पिसू. नारूची पिल्लं त्या पिसवेच्या पोटात आणि पिसू माणसाच्या पोटात, असं ते म्हणायचे. बारवेत पायऱ्या उतरून, पाय बुडवून पाणी भरायची आपली चाल, नारू झालेलाही तिथेच उतरतो आणि बरा माणूसही तिथेच. म्हणून उपाय एकच, मलमलीचं दुहेरी फडकं. पाणी त्यातून गाळलं की पिसू वर राहते. इतकी साधी गोष्ट, पण डॉक्टरांच्या वरचा मोठा गोरा साहेब मानायला तयार नव्हता. पुरावा दाखवा म्हणायचा. डॉक्टरांना त्याचा भयंकर सल होता. आयुष्यात त्यांना राग आलेला मी तेवढ्यापुरताच पाहिला.

एका उन्हाळ्यात ते मला साक्रीकडे घेऊन गेले. मला म्हणजे बायकांना फडकं बांधून दाखवायला एक बाई हवी होती म्हणून. आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. डॉक्टरांनी झाडाखाली भांडं मांडलं, दुर्बिणीसारखं ते भिंग मांडलं आणि तासभर घसा फोडला. घरात कोणीही, अगदी देवाच्या पाण्यालाही, गाळल्याशिवाय हात लावू नका. तेव्हा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "डागतरसाहेब, तुमना घरमा बठ्ठा गायीसन पेतस का?" तुमच्या घरात सगळे गाळून पितात का, एवढंच त्याने विचारलं. डॉक्टरांनी भिंगाची काच पुसली आणि म्हणाले, "पुढचा कोण आहे, या बघायला." मी गाडीत मान खाली घालून बसले होते. मला उत्तर ठाऊक होतं आणि मला त्यांची कीव आली. सासूबाईंपुढे काही चालत नाही, हे चारचौघांत कोणता मुलगा सांगेल?

आमच्या घरात दोन माठ होते. एक बाहेर ओसरीवर. त्याचं पाणी डॉक्टर, त्यांचा कंपाउंडर आणि गडी प्यायचे. त्या माठावर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने दुहेरी मलमल ताणून बांधली होती. दुसरा आत, देवघराशेजारी. ते सोवळ्याचं पाणी. ते मी पहाटे ओलेत्याने बारवेवरून आणायचं आणि ते सासूबाईंनी आणि मी प्यायचं. सासूबाईंचा नियम असा की डॉक्टरने हात लावलेलं फडकं आतल्या माठाला लागायचं नाही. "हा मेलेली माणसं कापतो. याच्या हातचं चिंधूक माझ्या पाण्याला नको. जिवंत झऱ्याचं पाणी आहे ते, त्याला गाळण कशाला?" माझ्यासमोर एकदाच हा विषय निघाला. डॉक्टरांनी "बरं" म्हटलं आणि गेले.

मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं शेजारणी म्हणायच्या, तेव्हा मी त्यांच्याशी भांडले आहे. म्हणायची, आईचा शब्द मोडत नाहीत, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. मी स्वतः एखादं फडकं धुऊन आत बांधू शकले असते. म्हातारी दुपारी झोपायची. पण आमच्या घरात सुनेने आपल्या डोक्याने फडकंही बांधायचं नसतं.

आणि साक्रीला गेलो त्याच वर्षात एक गोष्ट घडायला लागली. दर सोमवारी दवाखान्यात जायच्या आधी डॉक्टर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे आणि मला विचारायचे, "पाणी त्याच बारवेचं आणतेस ना?" मी हो म्हणायचे. "दुसरीकडचं नाही ना पीत कधी? शेजारी, देवळात?" मी नाही म्हणायचे. "तब्येत ठीक?" मी हो म्हणायचे. मग जायचे. एवढंच. पण दोन वर्षं भिंत होऊन राहिलेल्या बाईला तब्येत विचारली कोणी, तर तिला काय वाटेल? मी सोमवारची वाट बघायला लागले. सोमवारी धुतलेलं लुगडं नेसायला लागले. आज हे लिहिताना माझाच मला संताप येतो.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या घोट्याला खाज सुटली, मग फोड आला, मग आग. मी बादलीत पाय घालून मोरीत बसले आणि ओठ चावून रडले. वापरायचं पाणी भरायला एक वयस्क बाई यायची, पांझरा नदीपलीकडची. तिला मी अक्का म्हणायची. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, हाऊ नारू शे. आजच काडीले लावनं पडी." तिच्या दोन्ही पायांवर जुने वण होते, तिला काय कोणी शिकवायला नको. तिनेच ओसरीवर जाऊन डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टर धावत आले. धावत. मोरीच्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी माझा पाय दोन्ही हातांत धरला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की मी आग विसरले. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तो चेहरा तसा नव्हता. त्यांनी मला उचलून ओसरीवर नेलं, आईसमोर, गड्यासमोर. पायाखाली उशी ठेवली. मग आत जाऊन आईला म्हणाले, "आई, उद्यापासून आतलं पाणीही गाळायचं." सासूबाई माझ्या पायाकडे बघून म्हणाल्या, "बरं." संध्याकाळी आतल्या माठाला मलमल बांधलेली होती. बाहेर फडकं लागल्यापासून चौदा महिने जे झालं नाही ते एका वाक्यात झालं, आणि मी वेडी समजले की हे माझ्यासाठी झालं.

दुसऱ्या दिवसापासून चित्र सुरू झालं. सकाळी सात ते नऊ ओसरीवर पूर्वेचं ऊन यायचं, ते त्यांना हवं असायचं. मी खुर्चीत, पाय स्टुलावर, समोर पाटावर डॉक्टर. रोज दोन तास. आणि ते बोलायचे. मुंबईत शिकत असताना समुद्रावर बसून लाटा रंगवायचे, लाट कागदावर उतरेपर्यंत मोडायची, ते सांगायचे. कातडीला एक रंग नसतो म्हणायचे, तुझ्या घोट्यात हिरवा आहे, बघ, टाचेकडे जांभळा आहे. मी हसायची. कधी हातात खल द्यायचे आणि मी गेरू खलायची. पहिल्या बायकोबद्दलही बोलले एकदा, ती गेली तेव्हा आपण दौऱ्यावर होतो म्हणून. पाय आगीत धरल्यासारखा जळत होता आणि मला वाटायचं, ऊन ढळू नये. माझ्या संसारात सुखाचे दिवस कोणते असं कोणी विचारलं तर मला तेच सांगावे लागतील. दुसरे नाहीत.

अक्काचा जीव मात्र टांगणीला लागला होता. काडी लावायला आधीच चार दिवस उशीर केला होता, कारण फोड नुसता फुटलेला असतानाचं चित्र पुरं व्हायचं होतं. मग काडी लावली तरी रोज गुंडाळायची ती चित्र झाल्यावर. मधेच दोन दिवस गुंडाळलाच नाही, नारू तेवढाच दिसायला हवा म्हणून. अक्का मला मोरीत गाठून म्हणाली, "त्या चितर काढतस आनि तुना पाय चालना." तुझा पाय चाललाय, तुला दिसत कसं नाही, असं ती मला सांगत होती. मी तिला म्हटलं, "अक्का, डॉक्टर ते आहेत का तू?" किती तोऱ्यात म्हटलं. त्या म्हातारीचे शब्द पुढे मला पुरून उरले.

एका सकाळी त्यांना काडीची सावली पायावर पडू द्यायची नव्हती. पाय जरा बाहेर वळव म्हणाले. मी वळवला. अजून थोडा. मी अजून वळवला, आणि काडी स्टुलाच्या कडेला अडकून नारू तुटला. आवाज नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "अरेरे." मग कागदाकडे बघून म्हणाले, "बरं, एवढं झालंय."

रात्री ताप चढला. पाय मांडीपर्यंत सुजला. त्यांनीच दोनदा चिरा देऊन पू काढला, आणि तो हात इतका हलका की दवाखान्यातले लोक आजही त्याचं कौतुक करतात. जीव वाचला. पण घोटा धरला तो धरलाच. टाच जमिनीला टेकेना. तेव्हापासून मी अशी, पुढच्या चवड्यावर, एक पाय उचलत चालते. आळीतली पोरं माझ्या मागे तशी चालून दाखवायची. बारवेच्या पायऱ्या मी पुन्हा उतरले नाही. सासूबाईंना, त्याच माठातलं पाणी पिऊन, काहीसुद्धा झालं नाही. ऐंशी वर्षांच्या होऊन धडधाकट पायांनी गेल्या.

चित्र चौकटीत बसलं, साहेबाने वाहवा केली. मला त्याचं दुःख नव्हतं, हे मी अगदी खरं सांगते. मी लंगडत दवाखान्यात जाऊन ते पाहून आले आणि मनात म्हटलं, ठीक आहे. पाय गेला, पण त्या बदल्यात महिनाभर नवरा मिळाला. पुष्कळ बायकांना दोन्ही पाय असून तेवढाही मिळत नाही. त्यानंतर डॉक्टर पुन्हा पहिल्यासारखे झाले, सोमवारची विचारपूसही थांबली. पण त्या सकाळी मी जपून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यावर माझं चाललं होतं.

वर्षभराने डॉक्टरांनी खेड्यातल्या लोकांसाठी नारूवर एक लहानसं मराठी पुस्तक लिहायला घेतलं. माझं अक्षर वडिलांनी घोटून घेतलेलं, मोत्यासारखं. डॉक्टरांचं म्हणजे मुंग्यांची रांग. म्हणून छापखान्याला द्यायची प्रत त्यांनी माझ्याकडून काढून घेतली. मी हौसेने बसले. रोज चार-पाच पानं उतरवायची. अशीच एका दुपारी उतरवत होते, आणि उतरवता उतरवता हे उतरवलं: एका घरी दोन माठ ठेवून चौदा महिने निरीक्षण केले. बाहेरच्या माठाचे पाणी दुहेरी मलमलीतून गाळलेले. ते पिणारे तिघे. कोणासही नारू नाही. आतल्या माठाचे पाणी त्याच बारवेचे, परंतु न गाळलेले. ते पिणाऱ्या दोन स्त्रिया, एक वृद्ध, एक तरुण व निरोगी. इतरत्र पाणी पीत नसल्याची दर आठवड्यास चौकशी करून खात्री केली. चौदाव्या महिन्यात तरुण स्त्रीस डाव्या घोट्याजवळ नारू.

मी वाक्य पुरं केलं, पूर्णविरामही दिला. मग दर आठवड्यास या शब्दांवर माझी नजर परत गेली आणि तिथून हलेना. मागच्या सगळ्या सोमवारची धुतलेली लुगडी मला आठवली.

एखादी गोष्ट लपवली असती तर त्याला चोर तरी म्हणता आलं असतं. त्यांनी माझ्याच हाती दिली, अक्षर चांगलं म्हणून. मी वाचीन, मला कळेल, आणि कळल्यावर मला काही होईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टर ओसरीवर कुंचले धुवत बसले होते. मी पान घेऊन गेले.

"हे घर कोणाचं?"

"कुठलं?"

"दोन माठांचं."

"आपलंच की," ते म्हणाले. मग मला धीर द्यावा तसं म्हणाले, "नाव कुठेच घातलेलं नाही. काळजी करू नकोस."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. त्या पाण्याने होतो हे."

"ठाऊक नव्हतं, वाटत होतं. ठाऊक असतं तर प्रयोग कशाला मांडला असता?"

"मग बाहेरच्या माठाला फडकं कशाला होतं?"

"एका बाजूला हवंच ना. नाहीतर तुलना कशाशी करणार?"

"बाहेरच्या बाजूला तुम्ही बसलात. आत तुम्ही बसायचं होतंत."

त्यांनी यावर विचार केला. खरोखर केला, हातातला कुंचला थांबवून. "मी आजारी पडलो असतो तर नोंदी कोणी ठेवल्या असत्या? चित्र कोणी काढलं असतं?"

"आणि आई? सख्खी आई ना तुमची?"

"आईला झाला नाही तिथेच घोळ झाला," ते म्हणाले. "दोघींपैकी एकीला, म्हणजे निम्मंच. साहेब नेमकं तिथेच बोट ठेवतो. तिलाही झाला असता तर त्याला तोंड उघडायला जागा उरली नसती."

मी खाली बसले. म्हटलं, "मला सांगायचं होतंत हो. सांगितलं असतंत तर मी प्यायले असते."

हे मी मनापासून म्हटलं. आजही म्हणते. त्या वयात त्यांनी जवळ बसवून सांगितलं असतं, की असं असं आहे, खेडीच्या खेडी यातून सुटतील, तू पिशील का, तर मी तो माठ तोंडाला लावला असता.

"सांगितल्यावर तू चोरून गाळलं असतंस," डॉक्टर म्हणाले. "तुझा दोष नाही. भीतीने कोणीही गाळतं."

मग मी विचारू नये ते विचारलं. "सकाळी माझ्याशी बोलत बसायचात. समुद्राचं सांगायचात. ते?"

"ते पाय हलू नये म्हणून," ते म्हणाले. "बोलण्यात गुंतवलं की रोगी हलत नाही. मोतीबिंदूच्या वेळी मी नेहमी तसंच करतो. तू पाहिलंयस ना."

पाहिलं होतं. म्हाताऱ्यांना त्यांच्या बैलांची नावं विचारत विचारत ते डोळ्यात सुरी घालायचे.

त्यांना वाटलं, विषय संपला. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मान तिरकी करून, आणि म्हणाले, "बरं झालं तू आलीस. पुस्तकात बऱ्या झालेल्या घोट्याचं चित्र हवंय, ते राहूनच गेलं. उजेड चांगला आहे. बसतेस का?"

मी त्या पानाचे तुकडे करायला हवे होते. रंगाचं पाणी त्यांच्या अंगावर ओतायला हवं होतं, निदान उठून आत तरी जायला हवं होतं. मी स्टूल ओढलं आणि त्यावर पाय ठेवला. पदर सारखा केला, कपाळावर आलेले केस मागे घेतले. चित्रात घोट्याच्या वरचं काही येणार नव्हतं, ते मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि मुंबईच्या समुद्राचं सांगायला सुरुवात केली. मी पाय हलवला नाही.